लाल सरबत आणि अकरा अटी

२६ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५.

थायलंडच्या बेटावर पोचलो. फेरीबोट चाळीस मिनिटं उशिरा. कारण विचारलं. बोटवाले हसले.

आज संविधान लागू झाल्याचा दिवस. मुद्दाम साधलेला नाही, तरी सुरुवात योग्य दिवशी झाली.

बंगला क्रमांक चार. एक खोली, एक पंखा, एक व्हरांडा. वेबसाइटवर लिहिलं होतं, समुद्र दिसतो. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला उभं राहून मान बाहेर काढली की दिसतो.

येण्याचा हेतू लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. बायकोला, भावनाला, ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये बाळंतपणाच्या मिडवाइफरी युनिटची मोठी जागा मिळाली आहे. रुजू व्हायची तारीख ३ मार्च. तिचं म्हणणं, साउथहॅम्प्टनचं घर भाड्याने द्यावं आणि दोघांनी तिकडे जावं. मी आता निवृत्त आहे, मला अडवणारं काही नाही, असंही तिचं म्हणणं. मी म्हणालो, असे निर्णय गडबडीत होत नाहीत, मला महिनाभर शांतता लागेल, तीही बौद्ध देशात. ती म्हणाली, घ्या महिना. पण वीस फेब्रुवारीपर्यंत हो किंवा नाही, एक शब्द. त्यानंतर मी विचारणार नाही.

एका शब्दासाठी पंचवीस दिवस. भरपूर झाले.

२७ जानेवारी, सोमवार.

टाइमटेबल केलं. तीस वर्षं बसची वेळापत्रकं केली, स्वतःचं करायला वीस मिनिटं लागली. पेनाने केलं. पेन्सिलने वेळापत्रक करणाऱ्या माणसाचा स्वतःवर विश्वास नसतो, हे मी ऑफिसात नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगायचो.

५.३० उठणे. ५.४५ ते ६.२५ आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान. ६.३० पोहणे. ८.०० न्याहारी. ९.०० ते ११.०० ग्लासगोचा विचार. ११.०० ते १.०० साउथहॅम्प्टनचा विचार. दुपारी वाचन. संध्याकाळी दोन्ही विचारांची तुलना.

दर दोन कामांमध्ये रिकव्हरी टाइम. बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं. बस शेवटच्या स्टॉपला पोचली की लगेच उलटी फिरत नाही. सहा-सात मिनिटं उभी राहते, झालेला उशीर त्यात जिरतो. आयुष्यात लोक नेमकं हेच ठेवत नाहीत.

२८ जानेवारी, मंगळवार. सकाळी १०.

उठलो ७.५०. जेट लॅग. आनापान चार मिनिटं. छपरात हातभर लांबीची पाल आहे, ती तोक्के, तोक्के ओरडते. सलग किती वेळा ओरडते ते मोजत राहिलो. श्वास राहून गेला.

अंगणात खांबावर पक्ष्यांचं घर आहे. आमच्या बागेत आहे तसलंच, फक्त सोनेरी आणि छपराची टोकं वर वळलेली. आत बोटभर उंचीच्या म्हातारा-म्हातारीच्या बाहुल्या बसवल्या आहेत. पक्षी येणार कसे? डिझाइनची चूक. बाजूला उदबत्त्या, डासांसाठी. त्या घराच्या ओट्यावर, बाहुल्यांपुढे, लाल सरबताची बाटली, उघडलेली, आत स्ट्रॉ. पी नोई, म्हणजे इथल्या मालकीणबाई, सकाळी ठेवून गेल्या. वय पासष्टच्या आसपास, पी म्हणजे ताई, असं त्यांनीच सांगितलं. दार वाजवून पाहुण्याला त्रास न देता वेलकम ड्रिंक बाहेर ठेवायचं, ही पद्धत आवडली. प्यायलो. फार गोड.

३० जानेवारी, गुरुवार.

सरबत रोज. नको म्हणणं बरं दिसणार नाही.

पोहणं तूर्त स्थगित. पाणी अपेक्षेपेक्षा ओलं आहे, असं लिहिणार होतो, पण खरं कारण पाठदुखी.

ग्लासगोचा विचार सुरू केला. ९ ते ९.१५. तिथे जमिनीखालून रेल्वे आहे, ती गोल फिरते. एकच वर्तुळ, दोन दिशा. शेवटचा स्टॉपच नाही. वेळापत्रकवाल्या माणसाने अशा शहरात करायचं काय?

१ फेब्रुवारी, शनिवार.

लेस्टरहून रचनाचा फोन. बाबा, ठरलं का? म्हणालो, प्रोसेस चालू आहे. म्हणाली, प्रोसेस काय बाबा, तू काय व्हिसा ऑफिस आहेस का? तीस वर्षांची मुलगी, फार्मसिस्ट, पण बापाशी बोलायची रीत नाही. आई पॅकिंग करतेय म्हणाली.

मी हसलो. भावना एकटी जाऊच शकत नाही. तिला घरातला स्टॉपकॉक, म्हणजे पाणी बंद करायचा मुख्य नळ, कुठे आहे तेही माहीत नाही. निघताना मी तीन पानी नोट फ्रिजवर लावून आलोय: कचऱ्याचे बिन्स, बॉयलर, स्टॉपकॉक. रचनाने विचारलं, स्टॉपकॉक म्हणजे काय? दोघींची एकच गत.

ग्लासगोत बॉयलर कोण बघणार, हा मुद्दा नोंदवला. जाण्याच्या बाजूने की न जाण्याच्या, ते नंतर ठरवू.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

आज जुन्या गोष्टींचा निःपक्षपाती आढावा. बावीस वर्षांपूर्वी आम्ही लेस्टरहून साउथहॅम्प्टनला आलो, माझ्या प्रमोशनमुळे. भावनाची लेस्टरला कायमची नोकरी होती, बेलग्रेव्ह रोडमागे मैत्रिणी होत्या, दर रविवारी बुद्धवंदना असायची. ती अजून म्हणते, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. स्मरणशक्तीचा दोष. मी विचारलं होतं. मंगळवार होता, मला चांगलं आठवतं. सामानाची व्हॅन शनिवारी बोलावू की रविवारी, असं विचारलं होतं. ती काही बोलली नाही. शनिवारी बोलावली.

आनापान: केलं. झोपून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

भावनाचा फोन नाही. बारा दिवस. स्वतःहून विचारणं तिला कमीपणाचं वाटत असणार. बिन्सबद्दल प्रश्न नाही, बॉयलरबद्दल नाही. चिंताजनक आहे. घरात पाणी भरलं असेल आणि लाजेने सांगत नसेल.

मी फोन करू शकतो. पण त्यामुळे तिच्यावर दबाव येईल.

टाइमटेबल सुधारलं. ग्लासगो आणि साउथहॅम्प्टन एकाच तासात बसवले. उरलेला वेळ रिकव्हरी.

९ फेब्रुवारी, रविवार.

आज दोन बाटल्या. एक बाहुल्यांपुढे, एक माझ्या पायरीवर. आग्रह वाढतोय. दोन्ही प्यायलो.

पी नोई झाडत होत्या. थांबून बघत राहिल्या. मग पक्ष्यांच्या घरापुढे हात जोडून काहीतरी पुटपुटल्या. पक्ष्यांवर फार जीव आहे त्यांचा. इंग्रजीत विचारलं, मिस्टर विक (माझं नाव त्यांना एवढंच जमतं), तुमची बायको कुठे? म्हणालो, कामात आहे. म्हणाल्या, फोन नाही करत? म्हणालो, आमच्यात तशी गरज नसते. आं, म्हणाल्या. थाई लोकांचा हा आं निरनिराळ्या अर्थांनी येतो. मी कौतुक धरलं.

मग त्यांना बाबासाहेबांविषयी सांगितलं. बावीस प्रतिज्ञा इंग्रजीत समजावल्या. देवदेवता नाहीत, भूतखेत नाही, नवससायास नाही, शुद्ध धम्म. म्हणालो, तुमच्याकडे हे आधीपासूनच असल्यामुळे तुम्हाला त्याची किंमत कळत नसेल. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. झाडू हातात धरून.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

माघ पौर्णिमा. आजच्या दिवशी साडेबाराशे भिक्षू कुणीही न बोलावता बुद्धापाशी जमले, अशी परंपरा. इथे सुट्टी आहे. संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन विहाराला प्रदक्षिणा घालतात, तुम्ही चला, असं पी नोई म्हणाल्या. पांढरा ब्लाउज घालून निघाल्या होत्या.

नम्रपणे नाही म्हणालो. मला मुख्य कार्यक्रमासाठी ताकद राखायची आहे. बेटाच्या दक्षिण टोकाला पौर्णिमेचा भव्य सोहळा असतो, दुकानोदुकानी पोस्टर आहेत. जगभरातून तरुण येतात. संध्याकाळपासून सूर्योदयापर्यंत अखंड. आपल्याकडे एवढी चिकाटी राहिली नाही. फक्त तारीख तेराची छापली आहे. तिथीत एका दिवसाची चूक. दुकानदाराच्या लक्षात आणून दिली. तो म्हणाला, नो प्रॉब्लेम.

अखंड जागणं या वयात नको. चौदाला पहाटे गाठायचं, समारोपाच्या वंदनेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९.

पांढरा सदरा, पांढरी पँट, खिशावर अशोकचक्राचा बिल्ला. सहाला पोचलो.

किनाऱ्यावर साडेबाराशे तरी असतील. बरेचसे वाळूत पालथे. प्रथम वाटलं, साष्टांग. मग एकाने ओकारी काढली. अंगाला हिरवे-गुलाबी चमकणारे रंग. सगळीकडे प्लॅस्टिकच्या लहान बादल्या, प्रत्येकीत पाच-सहा स्ट्रॉ. दोघांनी मला सफाई कर्मचारी समजून बादल्या हातात दिल्या. मी घेतल्या. ठेवायच्या कुठे हे कळत नव्हतं.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, जय भीम, अंकल. बिल्ला बघून. कस्तुरी, लेस्टरची, पंचवीसेक वर्षांची, गालावर गुलाबी रंग, एका पायात चप्पल. तिची आजी नागपूरची. पाणी आहे का विचारलं. बाटली दिली. तुम्ही इथे काय करतात? तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. म्हणालो, वंदनेला आलोय. ती माझ्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की खाली बसली. सॉरी अंकल, सॉरी, दिस इज द बेस्ट थिंग. माझा आजीला सांगणार मी.

बसलो तिच्याशेजारी. पायही दुखत होते. सूर्य आला. एकटेच आलात का विचारलं. तपशीलवार सांगितलं: ग्लासगो, वीस तारीख, दोन्ही बाजूंचे मुद्दे. ती मध्येच म्हणाली, पण आंटीने तुमच्याबरोबर मूव्ह केली होती ना? म्हणालो, ते वेगळं, ते प्रमोशन होतं. म्हणाली, हे पण प्रमोशनच आहे. म्हणालो, हो, पण तिचं.

हे वाक्य बोलून झाल्यावर बरोबर वाटलं नाही. वारा उलटा होता म्हणून असेल.

सो से येस, अंकल, म्हणाली. इट्स लाइक, वन वर्ड.

या पिढीला गुंतागुंत कळत नाही. चप्पल शोधायला मदत केली. सापडली ती दुसऱ्याच कुणाची होती. तीच घालून गेली.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

टी-बॅग संपल्या. साठ आणल्या होत्या, दिवसाला दोन. हिशेब बरोबर होता, पीत जास्त गेलो.

निर्णय झाला. तत्त्वतः हो. उदार मनाने, पूर्ण विचारांती. मात्र नुसता हो बेजबाबदारपणाचा होईल. सोबत अटी जोडल्या. एकूण अकरा.

अट १: घर तळमजल्यावर. अट ४: साउथहॅम्प्टनचं घर भाड्याने न देता वर्षभर तसंच ठेवावं, माझं मत बदलल्यास. अट ६: आपल्या बागेतलं पक्ष्यांचं घर सोबत न्यावं. अट ७: आपण तिकडे जात आहोत याचा उल्लेख नातेवाइकांपुढे आपला दोघांचा निर्णय असा करावा. अट ७ची भाषा अजून जमलेली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी ३.

लिहू नये असं वाटत होतं. पण ही वही मी सोडून कुणी वाचणार नाही.

सकाळी पी नोईंना सांगितलं, आता सरबत बंद केलंत तरी चालेल, शुगर वाढेल. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. म्हणाल्या, मिस्टर विक, ते तुमचं नाही.

ते पक्ष्यांचं घर नाही. या जागेचा जो मूळ मालक आहे, डोळ्यांना न दिसणारा, त्याचं ते घर. बाहुल्या म्हणजे तो म्हातारा आणि त्याची म्हातारी. सरबत त्यांचं. त्यांना लाल आवडतं. उदबत्त्या डासांसाठी नाहीत.

तीन आठवडे मी भुताचं सरबत पितोय. आणि वर त्याच भुताच्या दारात उभं राहून भूत नसतं हे समजावलंय.

म्हणालो, मग सांगितलं का नाहीत? म्हणाल्या, पाहुणा. वाटलं, फार तहान असेल. म्हणून नऊ तारखेपासून तुमच्यासाठी वेगळी बाटली पायरीवर ठेवली. तुम्ही तीही प्यायलात आणि त्यांचीही.

मग म्हणाल्या, काळजी करू नका, मी रोज त्यांची माफी मागते. काय सांगता त्यांना? विचारलं. सांगते, नवा माणूस आहे, त्याला कळत नाही, बायको सोडून गेली आहे, रागावू नका.

बायको सोडून गेलेली नाही, हे मी स्पष्ट केलं. दोनदा. आं, म्हणाल्या.

इथे कुणी राहायला आलं की पहिल्या दिवशी त्या घरापुढे उभं राहून सांगायचं असतं: मी अमुक, इतके दिवस राहणार, चालेल का? एवढंच. म्हणालो, मी प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत, न दिसणाऱ्याला मी विचारू शकत नाही. त्यांनी झाडू उचलला. म्हणाल्या, मग दिसणाऱ्याला विचारा.

म्हणजे कुणाला, ते बोलल्या नाहीत. भाडं नव्वद टक्के आधीच भरलंय, त्यामुळे त्यांना स्वतःला म्हणायचं नसावं.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.

आज शेवटची तारीख. भावनाने आठवण करून दिलेली नाही.

पत्र तयार आहे. ब्रिटन सात तास मागे, म्हणजे तिची वीस तारीख संपेल तेव्हा इथे उद्या सकाळचे सात वाजलेले असतील. सात तासांचा रिकव्हरी टाइम फुकट मिळाला. तो वापरला नाही तर मूर्खपणा. उद्या ताज्या डोक्याने अट ७ बघून ६.३०ला पाठवतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११.

अट ७मध्ये आपला दोघांचा की दोघांचा मिळून, यात वेळ गेला. पाठवलं ७.१० वाजता.

तिकडे बारा वाजून दहा मिनिटं. एकवीस तारीख. आमच्या धंद्यात पाच मिनिटं एकोणसाठ सेकंदांपर्यंतची गाडी वेळेवर धरतात. दहा मिनिटं म्हणजे लेट. हा नियम मी स्वतः तीस वर्षं लोकांना लावला आहे.

१०.४०ला तिचं उत्तर. तिची नाइट ड्यूटी असणार. जसंच्या तसं उतरवतो.

वाचलं. अकराही. मी २९ जानेवारीलाच ग्लासगोत फ्लॅट घेतला, एका बेडरूमचा. तुम्ही वेळेत हो म्हणाला असता तर मोठा बघितला असता, तसं एजंटला सांगून ठेवलं होतं. रविवारी निघतेय. घर तुम्हाला ठेवलं आहे, भाड्याने दिलेलं नाही. अट ४ पूर्ण झाली. यावंसं वाटलं तर आधी विचारा.

२९ जानेवारी. मी येऊन तीन दिवस झाले होते. त्या दिवशी इथे काय केलं ते वहीत बघितलं. नोंद नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार.

उद्या निघायचं. दुकानातून लाल सरबताच्या दोन बाटल्या आणल्या, उघडल्या, स्ट्रॉ घातले, त्या घरापुढे ठेवल्या. हात जोडले नाहीत. ही पूजा नव्हे. प्यायलेल्याची भरपाई. प्रतिज्ञांना बाध येत नाही.

पी नोईंनी लांबून पाहिलं. बायकोचा फोन आला का, विचारलं. म्हणालो, सोडून गेली. या वेळी आं म्हणाल्या नाहीत. भाताची पेज आणून दिली. अंडं घालून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. साउथहॅम्प्टन.

घर थंड. हीटिंग तिने कमीत कमीवर ठेवून दिलंय, नीट, माझ्या नोटप्रमाणे. तिच्या पुस्तकांचं कपाट रिकामं. किटली नेली. चहा पातेल्यात केला.

फ्रिजवर माझी तीन पानी नोट जशीच्या तशी. स्टॉपकॉक, सिंकखाली, या ओळीवर तिने काट मारली आहे. जिन्याखालचं कपाट उघडलं. मीटरच्या मागे नळाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. तिचं अक्षर. सिंकखाली नाही. इथे आहे. २०११ साली पाइप फुटला तेव्हा तुम्ही ऑफिसात होतात.

१ मार्च, शनिवार.

भावनाला मेसेज करायचा होता. पहिला मसुदा चार परिच्छेद. त्यात आढावा होता. दुसरा दोन परिच्छेद. त्यात बॉयलर होता. दुपारी तिसरा लिहिला आणि न वाचता पाठवला.

पुढच्या शनिवारी येऊ का?

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.

तिचं उत्तर आलं. या शनिवारी नको, ड्यूटी आहे. पंधराचं बघून सांगते.

रचनाचा फोन आला. काय म्हणाली आई? सांगितलं. म्हणाली, म्हणजे नकार तर नाही दिला ना बाबा. म्हणालो, तेच तर.

ग्लासगोची गाडी बघितली. लंडनला एकदा बदलायचं. बदलायला चाळीस मिनिटं आहेत. पुरतील.

पंधरा मार्च, ग्लासगो, हे टाइमटेबलात घालायचं होतं. पेन उचललं, ठेवलं. घरात पेन्सिल नव्हती. एकही. शेजारच्या घरी जाऊन मागितली.